एक मूत्रपिंड, दोन आकडे

वर्गातील एकच बाक चार मुलांना आपापल्या वितीने मोजायला सांगितला, तर उत्तरे चार येतात. मोजणी प्रत्येकाची प्रामाणिक असते. वीत मात्र वेगळी असते. १८७५ मध्ये सतरा देशांनी पॅरिसला मीटरचा करार केला, तो अशाच अडचणीतून. मूत्रपिंडाच्या एमआरआय तपासणीपुढे हीच अडचण आपल्या काळात उभी राहिली.

मूत्रपिंडे मुकाट्याने काम करतात आणि मुकाट्यानेच बिघडतात. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत त्यांची जवळजवळ निम्मी कार्यशक्ती बहुधा गेलेली असते. शिवाय हा आकडा दोन्ही मूत्रपिंडांचा मिळून असतो. बिघाड डावीकडे की उजवीकडे, वरच्या थरात की आतल्या गाभ्यात, हे त्यावरून कळत नाही.

पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनातून मिळवलेली प्रतिमा प्रसिद्ध केली आणि शरीरात डोकावण्याची नवी वाट खुली झाली. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित ढवळाढवळ करते, याचा उपयोग सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये प्रतिमेसाठी करून दाखवला. १९९६ मध्ये पी. व्ही. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये हीच युक्ती माणसाच्या मूत्रपिंडावर वापरली. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध दिल्यावर गाभ्यातील ऑक्सिजन वाढलेला दिसला. क्षार परत शोषून घेण्याचे कष्टाचे काम औषधाने थांबले, म्हणून तेथील ऑक्सिजनचा खर्च घटला होता. सुई न टोचता मूत्रपिंडाचे आतले काम असे दिसू लागले.

अशा पद्धतींची निकड २००६ मध्ये अधिकच जाणवली. प्रतिमा ठळक व्हावी म्हणून शिरेतून दिल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमच्या काही संयुगांचा एका गंभीर रोगाशी संबंध उघड झाला. या रोगात कातडी घट्ट व टणक होते आणि तो मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना होतो. ज्यांना तपासणीची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ते इंजेक्शन धोक्याचे!

पण इंजेक्शनाशिवाय मिळणारे आकडे जुळत नव्हते. रेडिओलहरींनी विचलित झालेली हायड्रोजनची अणुकेंद्रके मूळ स्थितीला यायला जो वेळ घेतात, तो ऊतींच्या अवस्थेप्रमाणे बदलतो. निरोगी माणसांवरील २००४ सालच्या एका मोजणीत मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरासाठी हा काळ दीड टेस्लाच्या यंत्रावर सरासरी ९६६ मिलिसेकंद आला, तर तीन टेस्लाच्या यंत्रावर ११४२. त्यातच श्वासाबरोबर मूत्रपिंडे खालीवर हलतात, आणि तपासणीआधी किती पाणी प्यायले यानेही काही मापे बदलतात. मग एखाद्या रुग्णाचा ११०० हा आकडा रोगाचा समजावा की यंत्राचा?

हा गोंधळ मिटवण्यासाठी युरोपात २०१७ मध्ये ‘पॅरेन्किमा’ हे संशोधकांचे जाळे उभे राहिले. त्यांनी डेल्फी पद्धत वापरली. या पद्धतीत तज्ज्ञ आपली मते स्वतंत्रपणे लिहून देतात. ती एकत्र करून पुन्हा सर्वांपुढे ठेवली जातात आणि पुरेसे एकमत होईपर्यंत फेऱ्या चालतात. रुग्णाची तयारी कशी करावी, यंत्र कसे लावावे, आकडेमोड कशी करावी, याविषयीच्या शिफारशी २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या.

मतदानाने विज्ञान ठरते काय, असे विद्यार्थी विचारतील. निसर्गात काय घडते हे मतदानाने ठरत नाही. ते सर्वांनी कोणत्या रीतीने मोजायचे, हे मात्र ठरवावेच लागते. त्यानंतरच खरी परीक्षा सुरू होते. अमेरिकेतील चार केंद्रांनी एकाच ठरलेल्या रीतीने बहुपुटी मूत्रपिंडविकाराच्या २४१ रुग्णांची एमआरआय तपासणी हाती घेतली. तीन वर्षांत मूत्रपिंडांचे आकारमान दर वर्षी सरासरी पाच टक्क्यांनी वाढल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे आकारमान रोगाच्या वाटचालीचा अंदाज देणारे माप म्हणून मान्य केले. आकारमान मोजणे त्या मानाने सोपे. ऑक्सिजन, रक्तप्रवाह आणि शिथिलनकाळ यांना हीच परीक्षा द्यायची आहे, आणि सर्वांची वीत एक झाल्याखेरीज तिला बसताच येत नाही.