झाडाला टांगलेलं खोगीर

या वीकांताचा विषय जरा अतरंगी आहे: ट्री सॅडल. सॅडल म्हणजे खोगीर, पण हे घोड्याला नाही, आपल्यालाच बांधायचं! अमेरिकेत धनुष्यबाणानं हरणाची शिकार करणारे लोक हा रुंद पट्ट्यांचा झोळा कमरेखाली अडकवतात, दोरानं स्वतःला खोडाला बांधतात आणि छोट्याशा फळीवर पाय टेकून तासन् तास लटकून राहतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार जवळपास बंदच, तेव्हा आपण फक्त वाचायचं. पण आरामदायक सॅडल कुठलं यावर तिकडे एवढा काथ्याकूट का होतो, हे शोधता शोधता मी थेट १९११ सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात याही जमातीचा एक माणूस एकटाच सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींतून वाचलेला, आपल्या लोकांतला शेवटचा. स्वतःचं नाव त्यानं कधीच सांगितलं नाही. ‘ईशी’, म्हणजे त्याच्या भाषेत ‘माणूस’, हे नाव मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबरनं दिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो राहू लागला आणि सॅक्स्टन पोप नावाचा सर्जन त्याच्याकडून धनुर्विद्या शिकला. ईशीची रीत साधी होती: झुडपाआड दडायचं, सशाचा आवाज काढायचा आणि जनावर जवळ येईपर्यंत थांबायचं. १९१६ मध्ये तो क्षयानं गेला. पोपनं १९२३ मध्ये या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत धनुष्याला नवे चाहते मिळाले.

मग आलं यंत्र. १९६६ मध्ये मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलननं कंपाउंड बोच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६९ मध्ये ते मिळालं. टोकांना चाकं असलेल्या या धनुष्याची दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार कमी होतो, त्यामुळे निवांत नेम धरता येतो. साध्या लाँगबोचं उलटं. जितकं ओढाल तितका भार वाढत जातो. म्हणून ही पारंपरिक मंडळी बहुधा २० यार्डांच्या, म्हणजे साधारण १८ मीटरच्या आतच बाण सोडतात. एवढ्या अंतरावर तुम्ही नुसती कूस बदललीत तरी हरीण पसार. किंवा त्याहून वाईट: अवघडलेल्या अंगानं घाईत सोडलेला बाण, आणि जखमी होऊन रानात तडफडणारं जनावर.

म्हणजे आराम ही इथे चैन नाहीच. आठ तास खुर्चीत बसून कोड लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

मग निवडायचं कसं? सगळ्यात हलकं सॅडल घ्यायचा मोह होतो, पण अरुंद पट्टा मांडीत रुततो. बैठक दोन भागांची असेल तर भार मांड्या आणि कंबर यांत वाटता येतो. पुढच्या बाजूनं दोन्ही कडा जोडणारा दोर आखूड असला की कमरेला चिमटा बसतो, म्हणून तो कमीजास्त करता येणारा हवा. खोडावरचा दोर साधारण कपाळाच्या उंचीला बांधून सुरुवात करतात. आणि लाँगबो चांगलाच लांब असतो. त्याचं खालचं टोक गुडघ्याला किंवा फळीला अडतं का, हे जमिनीपासून वीतभर उंचीवरच लटकून बघायचं.

एक गोष्ट मात्र आरामाच्याही आधीची. सॅडल हे विजेच्या खांबावर चढणाऱ्या वायरमनच्या पट्ट्याचं भावंड. ते माणसाला जागेवर धरून ठेवतं, वरून कोसळणाऱ्याला झेलण्यासाठी ते नाही. अमेरिकेत बांधकामावर पडणाऱ्याला झेलायला नुसता कमरपट्टा वापरणं १९९८ पासून बंद आहे, कारण झटका सगळा पोटाला आणि पाठीला बसतो. म्हणून झाडावरचा दोर कायम ताठ हवा. ढील दिली की संपलं.

मला विचाराल तर दुकानात वजनकाट्याकडे बघूच नये. त्यात तासभर लटकावं. चुळबूळ न करता तासभर राहता आलं, तर ते सॅडल आपलं.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.