मितभाषी दूत : ‘गॅलिलिओ’ यानाची कथा

दूरदेशीं धाडलेल्या दूताचा आवाजच बसला, तर धन्यानें काय करावें? अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेपुढें १९९१ सालीं नेमका हाच प्रश्न उभा राहिला. गुरु ग्रहाच्या शोधार्थ १८ ऑक्टोबर १९८९ रोजीं ‘गॅलिलिओ’ हें यान निघालें होतें. त्याची मुख्य अँटेना छत्रीसारखी मिटविलेली असून ती वाटेंत उघडावयाची होती. ११ एप्रिल १९९१ रोजीं तशी आज्ञा सुटली. परंतु छत्रीच्या कांहीं काड्या अडकून बसल्या. यान वळवून ती उन्हांत तापविली, सावलींत निवविली, मोटारीचे हजारों हिसके दिले. छत्री उघडली नाहीं ती नाहींच.

आतां आधार उरला तो एका लहान अँटेनेचा. ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच सांगणाऱ्या एका संकेतास ‘बिट’ म्हणतात. मुख्य अँटेना सेकंदास १,३४,००० बिट पाठविणार होती. लहान अँटेनेकडून गुरूपासून दहाच्या आसपास बिट मिळावयाचे. यानाचें एक छायाचित्र ८०० गुणिले ८०० ठिपक्यांचें, आणि दर ठिपक्यास ८ बिट. म्हणजे चाळीस सेकंदांच्या कामास सहा दिवस लागते!

शास्त्रज्ञांनीं दोन उपाय योजिले. पहिला, कान तिखट करण्याचा. कॅलिफोर्नियांतील गोल्डस्टोन आणि ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा व पार्क्स येथील अँटेना एकत्र जोडून तो क्षीण ध्वनि टिपण्यांत आला. नव्या संकेतपद्धतीचीही त्यास जोड मिळाली व वेग १६० बिटांपर्यंत चढला. दुसरा उपाय, दूतास थोडक्यांत बोलावयास शिकविण्याचा. १९९६ सालीं यानाच्या गणकयंत्रास बिनतारी संदेशानेंच नवें शिक्षण देण्यांत आलें. चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडावयाचे. शेजारचे ठिपके सारखे असतील तेथें चौसष्ट आंकड्यांऐवजीं मोजकेच पाठवावयाचे, आणि डोळ्यास न जाणवणारे बारीक भेद गाळावयाचे. बंगळूर येथें जन्मलेले नासिर अहमद व त्यांचे सहकारी यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या गणितपद्धतीचेंच हें एक सोपें रूप होय. चित्र दहापट आटलें, कीं तें तासाभराच्या आंत पोंचूं लागे.

तत्पूर्वीं, ऑगस्ट १९९३ मध्यें यान ‘आयडा’ या लघुग्रहाजवळून गेलें, तेव्हां चित्रांतील मोजक्याच ओळी अंतराअंतरानें मागवून लघुग्रह कोठें आहे तें आधीं पाहण्यांत आलें. सावकाश उतरणाऱ्या या चित्रांतच फेब्रुवारी १९९४ मध्यें आयडाचा चिमुकला चंद्र सांपडला.

हानि झाली नाहीं असें नव्हे. गुरूच्या वातावरणाचीं शेंकडों सलग चित्रें सोडून द्यावीं लागलीं. तरीही योजिलेल्या कार्यापैकीं सुमारें ७० टक्के तडीस गेलें, आणि युरोपा या चंद्राचें तडे गेलेलें बर्फ जगानें जवळून पाहिलें. त्या बर्फाखालीं समुद्र असावा, असा पुरावाही याच यानानें दिला. तो समुद्र निर्मळ राहावा म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजीं यान मुद्दाम गुरूच्या वातावरणांत लोटून नष्ट करण्यांत आलें.

आज रानांत वा बांधावर बसविलेले छोटे बिनतारी कॅमेरे लहानशा बॅटरीवर चालतात. त्यांनाही तोच नियम लागू पडतो : आधीं नीट पाहावें, नकोसें गाळावें, आणि मगच बोलावें.