सेवेची सवलत आणि खेळाचा हक्क

पहिल्या महायुद्धाने इंग्लंडमधील पुरुषांना रणभूमीवर नेले आणि स्त्रियांना कारखान्यांत आणले, हे विधान सामाजिक इतिहासात इतके रूढ झाले आहे की त्यामागील तपशिलांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लँकेशायर परगण्यातील प्रेस्टन येथे ‘डिक, कर आणि कंपनी’ हा ट्रामगाड्यांची व रेल्वेची सामग्री बनविणारा कारखाना होता. युद्धकाळात तेथे दारूगोळा तयार होऊ लागला आणि यंत्रांपुढे मुली उभ्या राहिल्या. सुटीच्या वेळात आवारात फुटबॉल खेळणाऱ्या या कामगार मुलींमधूनच १९१७ मध्ये ‘डिक, कर लेडीज’ हा संघ आकाराला आला. कारखान्याच्या कचेरीत काम करणारे आल्फ्रेड फ्रँकलंड त्याचे व्यवस्थापक झाले.

त्या वर्षी नाताळच्या दिवशी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर या संघाचा पहिला मोठा सामना झाला. प्रतिस्पर्धी होता एका ओतशाळेतील मुलींचा संघ. दहा हजार प्रेक्षकांसमोर डिक, कर संघाने ४-० असा विजय मिळविला आणि जमलेले उत्पन्न जखमी सैनिकांच्या रुग्णालयाला दिले. संघाच्या पुढील सर्व इतिहासाचे बीज या प्रसंगात आहे. पुरुषांच्या लीग स्पर्धा १९१५ पासून स्थगित होत्या, मैदाने मोकळी होती आणि समाजाला मदतनिधीची गरज होती. मुलींनी अर्ध्या चड्डीत चेंडूमागे धावावे ही एरवी न मानवणारी गोष्ट सेवेच्या नावाखाली मान्य झाली. तिला मिळालेली ही मान्यता सवलतीच्या स्वरूपाची होती. सवलत देणाऱ्याला ती काढून घेण्याचाही अधिकार असतो, याचा प्रत्यय पुढे यावयाचा होता.

युद्ध संपल्यावर अनेक महिला संघ विसर्जित झाले, डिक, कर संघ मात्र वाढतच गेला. १९२० मध्ये फ्रान्सच्या महिला संघाने इंग्लंडचा दौरा केला. स्त्रियांच्या क्रीडा चळवळीतील अग्रणी आलीस मिलिया या पाहुण्या संघाच्या प्रमुख होत्या. प्रेस्टनच्या सामन्याला सुमारे पंचवीस हजार लोक आले. त्याच वर्षी डिक, कर संघाने फ्रान्सला जाऊन परतभेटीचे सामने खेळले. डिसेंबरमध्ये सैन्याकडून प्रकाशझोताचे दिवे मागून आणून डीपडेलवर रात्रीचा सामना भरविण्यात आला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या संघाविरुद्ध झालेल्या सामन्याला त्रेपन्न हजार प्रेक्षक उपस्थित होते आणि जागेअभावी हजारो लोकांना परतावे लागले. कर्णधार ॲलिस केल यांच्या संघाने तो सामना ४-० असा जिंकला, तीन हजार पौंडांहून अधिक निधी जमला. इंग्लंडमधील महिला क्लब सामन्याच्या उपस्थितीचा हा उच्चांक २०२३ पर्यंत अबाधित राहिला.

हे यशच संघाच्या मुळावर आले. आता लोक येत होते ते दानधर्मासाठी नव्हे, खेळ पाहण्यासाठी. याच सुमारास निधीचे प्रवाहही बदलू लागले होते. १९२१ च्या वसंतात कोळसा खाणींच्या मालकांनी टाळेबंदी केली तेव्हा खाणकामगारांच्या कुटुंबांसाठीही महिलांचे सामने झाले. जखमी सैनिकांची सेवा ही देशभक्ती ठरे. बेकार खाणकामगारांची सेवा त्या सदरात बसत नव्हती. पुढील निर्णयामागे हेही एक कारण असावे, असे काही अभ्यासक मानतात.

५ डिसेंबर १९२१ रोजी फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांना महिलांच्या सामन्यांसाठी मैदाने न देण्याचा आदेश दिला. फुटबॉल स्त्रियांना योग्य नाही, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. उत्पन्नाचा फार मोठा भाग खर्चात जातो, हे दुसरे. या दुसऱ्या आक्षेपात सवलतीचे तर्कशास्त्र उघड होते. प्रवास आणि बुडालेली मजुरी यांपोटी खेळाडूंना मिळणारे काही शिलिंग आक्षेपार्ह ठरले, कारण सेवा निःशुल्क असावी लागते. खेळण्यावर थेट बंदी नव्हती. खेळायला जागा मात्र उरली नाही. १९१८ च्या कायद्याने तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मताधिकार मिळाला होता. या संघातील बहुतेक मुली त्या मर्यादेच्या अलीकडच्या होत्या. दाद मागावी असे ठिकाण त्यांच्यापाशी नव्हते.

तरीही संघ थांबला नाही. १९२२ मध्ये तो अटलांटिक ओलांडून गेला. कॅनडात खेळण्यास मज्जाव झाल्यावर अमेरिकेत त्याने पुरुषांच्या संघांशी सामने खेळले आणि त्यांतील काही जिंकलेही. १९२६ पासून त्याचे नाव ‘प्रेस्टन लेडीज’ झाले. चौदा-पंधराव्या वर्षी संघात आलेली, उपजीविकेसाठी मनोरुग्णालयात परिचारिकेचे काम करणारी लिली पार १९५१ पर्यंत खेळत राहिली. तिच्या गोलांची संख्या नऊशेच्या पुढे असल्याचा अंदाज आहे. संघाच्या नावावर एकूण ८२८ सामन्यांची नोंद सांगितली जाते: ७५८ विजय, ४६ बरोबरी आणि अवघे २४ पराभव.

संघ १९६५ मध्ये बंद पडला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यातील चव्वेचाळीस वर्षे त्याने बहिष्काराच्या छायेत काढली. मैदानबंदी १९७१ पर्यंत पूर्णपणे उठली; असोसिएशनने २००८ मध्ये क्षमा मागितली. लिली पारचे नाव २००२ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या सन्मानसूचीत पहिली स्त्री म्हणून दाखल झाले, तेव्हा तिला जाऊन चोवीस वर्षे झाली होती.

या संघाचे महत्त्व विजयांच्या आकड्यांत मावणारे नाही. निधीचे निमित्त आणि मैदानांचा आधार हरपल्यावरही या स्त्रिया रग्बीच्या मैदानांवर, मोकळ्या माळांवर खेळत राहिल्या. गुडिसन पार्कवरच्या त्रेपन्न हजारांनी त्यांची लोकप्रियता सिद्ध केली. त्यानंतरच्या चार दशकांतील विरळ गर्दीने हे दाखविले की त्यांना खेळ हवा होता, आणि तोही कोणत्याही निमित्ताशिवाय.