शर्टावरची मांजरे, साडीवरचे उंदीर

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची आपली रीत पडली. पुढे कित्येक वर्षे या अंकांच्या मुखपृष्ठावर बहुधा एक सुंदर स्त्री असे. हातात निरांजन, अंगावर भरजरी वस्त्र, डोळे किंचित खाली. दीनानाथ दलालांच्या कुंचल्याने तिला असे काही रूप दिले की पुष्कळ घरांतून ते पान कापून चौकटीत बसविले गेले. तिने नेसलेल्या साडीकडे मात्र कोणी साडी म्हणूनच पाही. पदरावर मोर असले तर ते पदराला शोभा म्हणून. मोरांनी काही करावे, अशी अपेक्षा कोणीच केली नव्हती.

ती अपेक्षा प्रथम केली शि. द. फडणिसांनी. अनंत अंतरकर हे ‘हंस’, ‘नवल’ आणि ‘मोहिनी’ या तीन मासिकांचे संपादक. माणूस मोठा चोखंदळ आणि तितकाच हट्टी. त्यांच्या ‘मोहिनी’च्या १९५२ सालच्या दिवाळी अंकावर फडणिसांचे चित्र आले. एक तरुण आणि एक तरुणी. तरुणाच्या शर्टावर मांजरे, तरुणीच्या साडीवर उंदीर. खाली एक अक्षर नाही. बाकीचे काम पाहणाऱ्याने करायचे.

आता या विनोदाची गंमत पाहा. पैठणीवर पोपट आहेत, मोर आहेत. विणकराने त्यांना जिथे बसविले तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या निमूट बसले. कापडावरची बुट्टी म्हणजे मुकी, असे आपण धरूनच चालतो. फडणिसांनी एवढेच केले, की एका अंगावरच्या बुट्टीला दुसऱ्या अंगावरच्या बुट्टीशी ओळख करून दिली. ती होताच कापड जिवंत झाले आणि त्या दोन माणसांचे पुढे काय व्हायचे, हे मांजर-उंदरांवर येऊन ठेपले. प्रेमाची एक संबंध गोष्ट, आणि ती सारी शिंप्याच्या मालातून सांगितलेली! कथा लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला याचा हेवा वाटतो. हे सांगायला मला आठ पाने लागली असती आणि तरी वाचक हसलाच असता असे नाही.

आमचे बाळापूर मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचे. किल्ला आहे, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. रेल्वे मात्र गावात नाही, जवळचे स्टेशन पारस. पुण्या-मुंबईचे दिवाळी अंक इथे येईतो लाडू संपत आलेले असत. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. आजोबांनी ट्रंकेत जपलेल्या जुन्या अंकांतला तो अंक तिला फार प्रिय. ‘‘अवो माय! इच्या लुगड्यावर उंदरं, अन् त्याच्या सदऱ्यावर मांजरी. आता कसं होते?’’ असे ती दरवेळी नव्याने म्हणे. घरातल्या शिकलेल्यांनी आतली कविता वाचून माना डोलवाव्यात आणि आजीने मुखपृष्ठ ‘वाचावे’, अशी वाटणी होती. निःशब्द चित्राचे मोठेपण मला कोणत्याही पुस्तकाआधी तिथे कळले.

फडणिसांचा जन्म २९ जुलै १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. शाळा कोल्हापुरात आणि चित्रकलेचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. त्यांचे पहिले हास्यचित्र ‘मनोहर’ मासिकात १९४५ साली छापून आले. त्या काळी व्यंगचित्रकार म्हटला की तो वर्तमानपत्राचा, हे जवळजवळ ठरलेले होते. आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे दोघेही ‘फ्री प्रेस’मध्ये होते, ठाकऱ्यांनी पुढे १९६० साली स्वतःचे ‘मार्मिक’ काढले. वर्तमानपत्रात रोज विषय मिळतो, रोज वाचक मिळतो आणि महिन्याला पगार मिळतो. फडणिसांनी राजकारणही घेतले नाही आणि पत्राची नोकरीही धरली नाही. मासिकांची मुखपृष्ठे, पुस्तकांची सजावट, आतली चित्रे, यांवर त्यांनी संसार चालविला. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई स्वतः लेखिका. म्हणजे घरात दोघेही शाईवर जगणारे! मोलमजुरीपेक्षा हे बेभरवशाचे आहे, असे माझ्यासारखा पगारी मास्तर तरी म्हणणारच.

या बेभरवशाच्या धंद्याला छपाईने एक आधार दिला होता, तो सांगितला पाहिजे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात काळ्या शाईने काढलेले रेघांचे चित्र सर्वांत स्वस्त पडे. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत. मग आम्ल कोरी जागा खाऊन टाकी आणि रेघा उभ्या राहत. तो ठसा अक्षरांच्या खिळ्यांशेजारी त्याच चौकटीत आवळला की काम झाले. छायाप्रकाशाच्या चित्राला बारीक ठिपक्यांचा ठसा लागे, आणि हलक्या कागदावर त्याचा चिखल होई. रंगीत मुखपृष्ठाचे दुखणे आणखी वेगळे. प्रत्येक रंगाचा ठसा निराळा, तितक्या वेळा कागद यंत्रातून जायचा. एक ठसा केसभर सरकला की ओठांची लाली हनुवटीवर. फडणिसांची नेमकी रेघ आणि सपाट, स्वच्छ रंगांचे तुकडे या यंत्राशी जमवून घेणारे होते, असे मला वाटते. चित्रातली साडी म्हणजे तरी काय, एक रंगाचा सपाट तुकडा आणि त्यावर बुट्ट्या.

पण ठसा छापखान्यात राहतो, ही त्याची दुसरी बाजू. कपाटातून काढून तो भलत्याच मजकुराला लावला तर चित्रकाराला पत्ता लागायचा नाही, मग मोबदला दूरच. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. त्यात पत्राच्या नोकराने नोकरीत काढलेल्या चित्राच्या छपाईचा पहिला हक्क पत्राच्या मालकाकडे जातो. स्वतंत्र चित्रकाराला पगार नसतो, परंतु ‘हे माझे’ म्हणायला जागा असते. दोहोंतले काय निवडावे, हा प्रश्न चित्रकारापुरता नाही. पुस्तकाचे सर्व हक्क एकरकमी विकून बसलेल्या लेखकांना तो चांगला ठाऊक आहे.

१९६५ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात ‘हसरी गॅलरी’ भरली. फराळाबरोबर संपणारी, पुढल्या वर्षी रद्दीत जाणारी चित्रे भिंतीवर आली आणि जिथे लोक दबक्या आवाजात बोलतात तिथे लोक मोठ्याने हसले. तोवर पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’तली त्यांची चित्रे घरोघर गेली होतीच. आणखी पुढे बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी चित्रे काढली. मला विचाराल तर हे काम मुखपृष्ठांच्याही वरचे. हातचा एक पाहून रडणाऱ्या पोरासमोर हसरे चित्र ठेवणे म्हणजे काय, हे वर्गात उभे राहिल्याखेरीज समजत नाही. बाळापुरात मराठी बोलणारी मुले आहेत तशी उर्दू बोलणारीही. एकाची लिपी डावीकडून, दुसऱ्याची उजवीकडून. बिनशब्दांचे हास्यचित्र फळ्यावर लावून पाहिले, तेव्हा दोन्हीकडची पोरे एकाच क्षणी हसली. त्यानंतर निबंध लिहा म्हटले, तेव्हा पुन्हा वेगवेगळी झाली, ती गोष्ट निराळी.

फडणिसांनी कागदावरच्या माणसांच्या अंगावर चित्रे चढविली. खऱ्या माणसांच्या अंगावर चित्रे चढलेली पाहायची तर गोव्याला जावे. मारियो मिरांडा फडणिसांहून एका वर्षाने लहान, लोटलीचा. तो इंग्रजी पत्रांत रमला, पाच वर्षे इंग्लंडात राहून आला, आणि २०११ साली आपल्या गावीच वारला. त्याच्या चित्रातली बाजारची गर्दी, पाव विकणारे, गाणारे-बजावणारे आज टी-शर्टांवर, कपांवर, भिंतीच्या फरश्यांवर आहेत. पाहुणा येतो तो मोकळ्या अंगाने आणि परततो तो सारे गाव छातीवर घेऊन. त्यातल्या कित्येकांनी मारियोचे नाव वाचलेलेही नसेल. चित्र अंगावर घातले की ते घालणाऱ्याचे होऊन जाते. कोपऱ्यातली सही धुण्यात फिकी पडते.

२९ जुलै २०२४ रोजी फडणिसांनी शंभराव्या वर्षात पाऊल ठेवले. त्या महिन्यात मी आमच्या बाजारातल्या कापडाच्या दुकानी गेलो होतो. मांजरे छापलेली झबली टांगलेली होती, शर्टाचे कापडही होते. उंदराचे काही आहे का, म्हणून विचारले. दुकानदार म्हणाला, ‘‘गुरुजी, उंदीर कोण घालते?’’ मी त्याला ‘मोहिनी’चे चित्र तोंडी सांगितले. तो थांबला, हसला आणि शर्टाचे ठाण उचलून साड्यांच्या फळीपासून लांब ठेवले.