हातातील कसब

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या राजांचे अंगरखे कोणी शिवले, हे बखरकार सांगत नाहीत. वास्तविक संत नामदेव शिंप्याच्या कुळात जन्मले आणि गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या पदांतून गज, कात्री व सुई ही परमार्थाची साधने होऊन आली. असा वारसा असलेल्या आपण तरी हाताच्या कामाला हलके मानू नये. म्हणून शिवणकामाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास कष्टकऱ्यांच्या बाजूने पाहावा, असे आम्ही योजिले आहे.

फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिये या शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पॅरिसच्या कारखान्यात अशी सुमारे ८० यंत्रे सैनिकांचे गणवेश शिवू लागली. १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने ती मोडून टाकली. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पोटावर पाय येत असलेला माणूस आम्ही जवळून पाहिला आहे; त्यांचे भय खरे होते, नेम तेवढा चुकला. तिमोनिये स्वतः १८५७ मध्ये दारिद्र्यात वारला.

पुढे अमेरिकेत इलायस हौ याने १८४६ मध्ये पेटंट मिळविले. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते. हौच्या यंत्रात ते अणीजवळ आले. सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर उठली की दोऱ्याचा फासा पडतो. त्या फाशातून धोटा दुसरा दोरा ओढून नेतो आणि टाका पक्का बसतो. सुई शिंप्याची, धोटा विणकराचा! यंत्राच्या पोटातही पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांचेच ज्ञान साठविलेले आहे. १८५१ मध्ये सिंगरचे यंत्र आले व पुढे हप्त्यांच्या विक्रीमुळे ते घरोघर पोहोचले. व्हीलर अँड विल्सन या यंत्रकंपनीने १८६० च्या सुमारास दिलेल्या हिशेबाप्रमाणे हाताने सदरा शिवण्यास १४ तास २६ मिनिटे लागत, यंत्रावर १ तास १६ मिनिटे. हिशेब विकणाऱ्याचा आहे, तो सांभाळूनच घ्यावा. तरीही प्रश्न उरतोच : वाचलेले तेरा तास कोणाच्या पदरात पडले?

याचे उत्तर १९०९ या एकाच सालात दोन शहरांनी दोन तऱ्हांनी दिले.

न्यूयॉर्कमध्ये त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोलकी शिवणाऱ्या सुमारे वीस हजार कामगारांनी संप पुकारला. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. दिवस दिवस यंत्रावर वाकावयाचे आणि कित्येक ठिकाणी सुई-दोऱ्याचे पैसेही मजुरीतून कापून द्यावयाचे, अशी त्यांची स्थिती होती. क्लारा लेमलिच या कामगार मुलीने भर सभेत उठून सार्वत्रिक संपाची हाक दिली. अनेक मालकांनी करार केले. ट्रँगल कंपनीने संघटनेला मान्यता दिली नाही. २५ मार्च १९११ रोजी त्या कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. १४६ जीव गेले.

त्याच १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभे केले. तेथे शिक्षण, शुश्रूषा यांबरोबर शिवणही शिकविले जाई. विधवेने दिराच्या दारी ताटकळावयाचे, हीच त्या काळची रीत. तिच्या हातात कसब आले म्हणजे स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा मार्ग खुला झाला.

सुई तीच, टाकाही तोच. मग अंतर कशाचे? आमच्या मते अंतर कसबाच्या मालकीचे. शिकणारी बाई माप घेते, कापड बेतते, टीप मारते, काजे करते. बाही उलटी बसली तर सांगावयास मास्तर लागत नाही, कापडच सांगते. मुकाट्याने उसवावे लागते. शेवटी सदरा मुलाच्या अंगावर बसतो, तेव्हाचे समाधान बाजारात विकत मिळत नाही. कारखान्यात हेच काम वीस हातांत वाटले जाते. दिवसभर कॉलरीच जोडणारे कारागीर आमच्या संघटनेत आहेत; त्यांचा वेग पाहून थक्क व्हावे, पण पुरा सदरा बेता म्हटले तर ते संकोचतात. अख्खे काम येणाऱ्याला मालकाने दार दाखविले तरी तो सहसा डगमगत नाही. अर्थात एकट्या कसबाने कुलूप उघडत नाही, हे ट्रँगलने शिकविले. त्यासाठी एकजूटच हवी. परंतु कसब असलेला माणूस एकजुटीत मान वर करून येतो.

श्रोतेहो, आपल्या मुलांना, आणि केवळ मुलींना नव्हे, सुई धरावयास शिकवा. गुंडी लावण्यापासून आरंभ होऊ द्या, पण तेथे थांबू नका. एक तरी वस्त्र मापापासून काजापर्यंत त्यांच्या हातून पुरे होऊ द्या. पुढे पाटीवर तयार कपड्यांचा ढीग दिसला, तर त्यामागचे हात त्यांना आपोआप दिसतील आणि भाव करताना त्यांची जीभ जराशी अडखळेल.