दंडूतली बिअर, पेठेतलं गाणं

बेंगळुरूत वाढलेली माझ्या वयाची चार माणसं एकत्र आली की अर्ध्या तासात गप्पांची गाडी पबवर येते. ‘आपल्या वेळचे पब, आपल्या वेळचं लाइव्ह म्युझिक!’ मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलोय. पण या भागासाठी त्या आठवणी नीट मांडायला बसलो, तेव्हा कळलं की त्यातलं अर्धं मी सोयीनं विसरलो होतो. आज ते सगळं सांगतो.

आमचं घर चिकपेठेत. आजोबा शिवणकामाच्या धंद्यासाठी इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत कन्नड, दुकानात गिऱ्हाईक बोलेल ती भाषा. तेव्हाचं बेंगळुरू म्हणजे खरं तर दोन गावं. एक केंपेगौडांनी वसवलेली पेठ, जी पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आली. दुसरं, 1809 मध्ये इंग्रजांनी फौजेसाठी वसवलेलं कंटोन्मेंट. कन्नडात त्याला दंडू म्हणतात. दोन्हींच्या मधे कब्बन पार्क. पेठेतला मुलगा बीटीएसच्या बसनं एमजी रोडला उतरला की परगावी आल्यासारखा शर्ट नीट करायचा.

पब दंडूतच का आले, याला कारण आहे. छावणीतल्या गोऱ्या शिपायांना बिअर लागायची. दक्षिणेतल्या लहान ब्रुअरी एकत्र करून थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसानं 1915 मध्ये युनायटेड ब्रुअरीज उभी केली. पुढे ऐंशीच्या दशकात ड्राफ्ट बिअर, म्हणजे पिंपातून थेट ग्लासात येणारी बिअर, इथे चालली ती त्याच पायावर. ही बिअर बाटलीतल्यासारखी टिकत नाही. ती गार ठेवावी लागते आणि लवकर संपवावी लागते. म्हणजे ब्रुअरी जवळ हवी आणि पिणारे रोज हवेत. बेंगळुरूत दोन्ही होतं. एचएएल, बीईएल, आयटीआयसारखे कारखाने, भरपूर कॉलेजं, हातात पहिला पगार असलेली पोरं, आणि पंख्याविना संध्याकाळ निघेल अशी हवा.

चर्च स्ट्रीटवरचा ‘नासा’ आतून अंतराळयानासारखा सजवलेला होता. रेस्ट हाऊस रोडवर 1989 मध्ये ‘पेकोज’ सुरू झाला. अरुंद जिना, भिंतीवर पोस्टरं, टेबलावर बिअरचा जग. आम्ही चौघं एका जगावर दोन तास काढायचो. घरी जाताना बडीशेप खायची, हा नियम. आण्णांना वास येत नसे असं मला वाटायचं. त्यांना येत होता, हे त्यांनी मला मुलगी झाल्यावर सांगितलं.

आता विसरलेलं अर्धं. त्या पबमधलं बहुतेक संगीत लाइव्ह नव्हतंच! ते कॅसेटवरचं होतं. हेन्ड्रिक्स, लेड झेपेलिन, डीप पर्पल. सगळे टेपमधून यायचे. वाजवणारी पोरं शहरात होती, पण ती कॉलेजच्या महोत्सवात दिसायची. 1996 मध्ये ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा बँड उभा राहिला. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनाला ‘फ्रीडम जॅम’ हा विनातिकीट कार्यक्रम सुरू झाला. पबच्या कोपऱ्यात ड्रम मांडलेले दिसू लागले ते हळूहळू. आमचाही एक बँड होता. मी बेस वाजवायचो, बरा वाजवायचो एवढंच. बिदागी म्हणजे बिअर आणि चिली चिकन. आम्हाला त्यातही धन्य वाटायचं.

मात्र शहरात ‘लाइव्ह बँड’ हा शब्द पाटीवर लिहून चालणारी जागा वेगळीच होती. मॅजेस्टिकच्या आसपासचे बार. तिथे बायका सिनेमाची गाणी गायच्या, काही ठिकाणी नाचायच्या. आमच्या घरापासून चौथ्या दारात एक अक्का राहायची. ती अशाच एका बारमध्ये गायची. रात्री उशिरा तिची रिक्षा आली की गल्लीतल्या खिडक्या किलकिल्या व्हायच्या. माझे मित्र तिला जे म्हणायचे ते इथे सांगणार नाही. मी काही म्हणत नसे, पण हसायचो.

एकदा गिटार पाठीला लावून मी घरी येत होतो, तेव्हा तिनं थांबवलं. “काय तम्मा, तुमच्या तिकडे गाणाऱ्याला किती देतात?” मी म्हटलं, “पैसे नाही देत, अक्का. बिअर देतात.” ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, “मग तुमचं चालू द्या. मला घर चालवायचंय.”

2005 साल. त्या वर्षी महाराष्ट्रात डान्सबारवर बंदी आली, हे तुम्हाला आठवत असेल. त्याच वर्षी बेंगळुरूत पोलिसांचा नवा आदेश आला. कॅबरे, डिस्कोथेक आणि लाइव्ह बँड यांसाठी परवाना लागेल. अक्काचं काम गेलं. काही महिन्यांत घरही रिकामं झालं. आमच्या टोळक्यात कुणी ब्रसुद्धा काढला नाही. तो ‘त्यांचा’ प्रश्न होता.

पण कायद्याला आमचा बँड आणि तिचा बँड यातला फरक कळत नव्हता. कळायचं कारणही नव्हतं. दोन्हीकडे माणूस उभा राहून गात होता, समोर बसलेला पीत होता. 2008 च्या सुमारास अंमलबजावणी कडक झाली आणि पबमधलं वाजवणं, नाचणंही थांबलं. तेव्हा मात्र आम्ही चिडलो. संगीतकारांनी निषेध केला, वर्तमानपत्रांत पत्रं आली. आमच्या चिडण्यात ‘आम्ही तसले नाही’ हे वाक्य फार वेळा होतं. मीही ते म्हटलं होतं. बारवाल्यांची संघटना कोर्टात गेली होती. 2018 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला.

एमजी रोडवर आता मेट्रो धावते. प्लाझा थिएटर गेलं, रेक्स गेलं. ‘आपलं बेंगळुरू गेलं’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांत मीही असतो. पण हल्ली एक गोष्ट टोचते. हेन्ड्रिक्सचं कुठलं गाणं पेकोजमध्ये कुठल्या टेबलाशी पहिल्यांदा ऐकलं, ते मला आठवतं. चौथ्या दारात राहणारी अक्का कशी गायची, ते मला माहीत नाही. मी कधी ऐकलंच नाही.

तुमच्या शहरातही अशी एखादी जागा असेल. तिच्या आठवणी सांगाल तेव्हा तिथे वाजवणाऱ्याला काय मिळायचं आणि शेजारच्या गल्लीत कोण गात होतं, हेही आठवून बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.