मुसीच्या उगमाकडे : गौलीगुड्याहून अनंतगिरी

सुट्टीत गाडी काढून कुठे जावे, असे हैदराबादेत नव्याने आलेली मराठी कुटुंबे आम्हाला नेहमी विचारतात. आमचे पहिले उत्तर ठरलेले असते : विकाराबादजवळचे अनंतगिरी. एका बाजूचे अंतर साधारण ८० कि.मी. सकाळी निघून संध्याकाळी सहज परतता येते. गौलीगुड्याजवळून वाहणारी मुसी याच डोंगरात उगम पावते, म्हणजे ही सफर आपल्याच नदीच्या उगमाकडे जाणारी आहे.

मार्ग
गौलीगुडा – मेहदीपट्टणम – लंगरहौज – अप्पा जंक्शन – मोईनाबाद – चेवेल्ला – मन्नेगुडा – विकाराबाद – अनंतगिरी.

लंगरहौजला बापूघाटापाशी मुसी आणि ईसी या नद्यांचा संगम आहे. पुढचे 'अप्पा' हे कुणा अप्पांच्या नावाचे ठिकाण नव्हे. तेथील पोलीस अकादमीच्या जुन्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत.

दोन तलाव
अप्पा जंक्शननंतरचा रस्ता हिमायतसागर आणि उस्मानसागर (गंडीपेट) यांच्या मधून जातो. या तलावांमागे मोठे दुःख आहे. आपली विवेकवर्धिनी १९०७ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, मुसीच्या पुराने शहरात हजारो बळी घेतले. अफजलगंजच्या एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. ते झाड उस्मानिया इस्पितळाच्या आवारात आहे. पुढे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने धरणांची योजना आखली गेली. मुसीवरचा उस्मानसागर १९२० साली आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. वाटेत उजवीकडे वळून चिलकूरच्या बालाजीचे दर्शन घेता येते. या देवळात हुंडी नाही.

वडांची कमान
अप्पा जंक्शन ते मन्नेगुडा हा ४६ कि.मी.चा टप्पा या सफरीचा खरा आनंद. दोन्ही बाजूंना निजामकाळातले वड आहेत आणि काही ठिकाणी फांद्या डोक्यावर एकमेकींना भिडतात. पर्यावरणप्रेमींच्या मोजणीत हे वड नऊशेच्या आसपास भरले. मात्र हाच रस्ता अरुंद आणि वर्दळीचा आहे; इथे भीषण अपघात झाले आहेत आणि चौपदरीकरणाची मागणी रास्त आहे. झाडांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. शक्य तितके वड जागेवर राखायचे आणि उरलेले दुसरीकडे हलवायचे, अशी योजना त्यातून पुढे आली. आम्हाला रस्ताही हवा आणि वडही. पण शंभर वर्षांची सावली हलवून लावता येत नाही, म्हणून ती आज आहे तशी मुलांना दाखवून आणा.

चेवेल्ल्याच्या पुढे
चेवेल्ल्याचा परिसर भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे. परतताना ताजी भाजी घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर सीताफळेही मिळतील. विकाराबादपासून घाट सुरू होतो, जंगल दाट होते आणि हवा गार लागू लागते. याच हवेसाठी निजामकाळात इथे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभारले गेले.

वर अनंतपद्मनाभस्वामींचे देऊळ आहे. मुसीचे जुने नाव मुचकुंदा. कालयवनाला नजरेने भस्म करणारा मुचकुंद राजा याच डोंगरातल्या गुहेत झोपला होता, अशी इथली श्रद्धा. शहरात काळवंडलेली नदी इथे साध्या झऱ्यांतून सुरू होते. वेळ असेल तर पुढे कोटपल्ली तलावावर वल्हवायच्या छोट्या होड्याही मिळतात.

लक्षात ठेवा
- ऑगस्ट ते जानेवारी हा काळ उत्तम. रविवारी गर्दी फार असते, शक्य असल्यास शनिवारी जा.
- वडाखाली फोटोसाठी गाडी रस्त्यावर थांबवू नका. खडी-वाळूचे टिप्पर वेगात येतात. चेवेल्ल्याच्या आसपास बाजूला पुरेशी जागा असेल तिथेच उतरा.
- अंधार पडण्यापूर्वी मन्नेगुडा ओलांडून परतीला लागा.
- डोंगरावर माकडे आहेत. डबा गाडीत बसूनच उघडा आणि कचरा परत आणा. तिथे टाकलेले पावसाबरोबर नदीत उतरते.
- गाडी नसेल तर इमलीबन बसस्थानकातून विकाराबादची बस किंवा नामपल्लीहून रेल्वे आहे. वड पाहायचे असतील तर चेवेल्लामार्गे जाणारी बसच धरा.